विहिरीपाशी गेट

आमची गल्ली बंद झाली ती माझ्या आईच्या मोडलेल्या खुब्यावर. हे मी टोमणा मारायला म्हणत नाही. आणि मारायला म्हणत असले तरी आता कुणाचं काय जातंय? आईचं हाड मोडलं म्हणून गल्लीला जाग आली, जाग आली म्हणून सभा झाली, सभेत ठरलं म्हणून गेट बसलं. आणि गेट बसल्यावर बघते तर आई राहत होती ती बाजू होती तशीच उघडी. आता यात मी तिखटमीठ कुठे लावलं, ते सांगा.

गल्ली कशी आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. भिवंडीतली जुनी गल्ली, सरळ. एका टोकाला नाका. तिथून मोठा रस्ता मानकोलीकडे, पूर्णा गावाकडे, त्या सगळ्या गोदामांकडे जातो. दुसऱ्या टोकाला बाजार. नाक्याकडून आत शिरलं की पहिली घरं आमची, बौद्ध वस्तीची. मग मध्यावर एक बुजवलेली विहीर, तिच्यावर सिमेंटचा कट्टा. कट्ट्याच्या पलीकडे आळी, म्हणजे मास्तरांची, कारकुनांची, वकिलांची पिढीजात घरं आणि त्यांचं देऊळ. देवळाच्या पुढे बाजार. झाली गल्ली.

विहिरीबद्दल एक सांगायलाच हवं. ती बुजली नव्हती तेव्हा माझी आजी घागर घेऊन तिथवर जायची आणि थांबायची. कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत थांबायची. आईनं हे लहानपणी पाहिलेलं. पुढे दिवस बदलले, विहिरीला सगळ्यांचे हात लागले, मग नळ आले, मग विहीरच बुजली. तिच्या कट्ट्यावर गल्लीच्या सभा व्हायला लागल्या. गटार तुंबलं, पाणी आलं नाही, कुणाच्या घरात साप निघाला, की सगळे कट्ट्याशी जमायचे. आळीतले त्या अंगाला, आम्ही या अंगाला, पण एकाच कट्ट्यावर टेकून. मी तर समजत होते की चला, हिशेब मिटला. मूर्ख मी!

गल्ली चांगली होती तोवर चांगली होती. शेडींतल्या लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट दिवसभर असायची, तिची सवय होती. वीज गेली की शांततेनंच दचकायला व्हायचं. मग एकेक शेड बंद पडायला लागली. मागोमाग भंगारवाले आले, लूम तोडून नेले, आणि रिकाम्या शेडींत पार्सलं येऊन बसली. नाक्यावरचा मोठा रस्ता पुलाच्या कामानं कायम खोदलेला. तेव्हा टेम्पोवाल्यांना आमची गल्ली सापडली. नाक्यावर शिरायचं, बाजारात निघायचं, सिग्नल टळला. फोनमधल्या नकाशानं एकदा दाखवलं की संपलंच. दाराला लागून टेम्पो जायचे. भात वाढलेलं ताट घेऊन उंबऱ्यावर बसायची सोय राहिली नाही.

आमच्याकडे पोरं बोलायला लागली की पहिल्यांदा 'आई' म्हणतात, मग 'बाबा', आणि मग 'भिंतीला लाग'. खरंच सांगते. गाडीचा आवाज आला की जो तो ओरडायचा, "भिंतीला लाग!" आणि जो तो भिंतीला पाठ लावून पोट आत ओढून उभा राहायचा. गाडी गेली की पुन्हा चालायला लागायचं. शिकलेली, न शिकलेली, म्हातारी, पोरं, सगळी पालीसारखी भिंतीला.

आई पालिकेच्या शाळेत शिपाई होती. त्याच शाळेत आळीतल्या एक बाई शिक्षिका होत्या. मलाही त्यांनीच शिकवलं, म्हणून मी त्यांना अजून बाईच म्हणते आणि आईही बाईच म्हणते. दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी आई गल्लीतून चालत बाईंच्या ओट्यावर जायची. दोघी भाजी निवडायच्या, शाळेतल्या मेलेल्या-जित्या सगळ्यांचा उद्धार करायच्या, आणि दिवे लागले की आई परत यायची. वयानं दोघी सारख्याच. पण बाई आईला 'अगं तू' म्हणायच्या आणि आई त्यांना 'तुम्ही'. मी एकदा म्हटलं, "तू पण अगं म्हण की." आई म्हणाली, "जीभ वळत न्हाय. तुझं काय जातं?" माझं काय जातं! माझं जातच होतं काहीतरी, पण दोघी हसायच्या खळखळून, मग मी गप्प बसायची.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लग्न केलं नाही, आई आणि मी, दोघीच घरात. त्या दिवशी माझी दुपारची ड्युटी होती. आई बाईंकडे निघाली, चार घरं गेली, आणि शेडीतून एक टेम्पो मागे मागे येऊन गल्लीत निघाला. आई भिंतीला लागली. सांगितल्याप्रमाणे, शिकवल्याप्रमाणे, अगदी पाठ टेकवून. ड्रायव्हरनं चाक जास्त कापलं. भिंत मागे हटली नाही.

ती शेड कुणाची, तर आमच्या गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांची. राहतात आळीत, देवळाला लागून, पण शेड आमच्या घरांमध्ये, नाक्याच्या अंगाला. लूम विकून त्यांनी ती पार्सलवाल्यांना भाड्यानं दिलेली. हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पण तेव्हापासून आजपर्यंत गल्लीत कुणी 'अध्यक्षांच्या गोदामाचा टेम्पो' असा शब्द काढला नाही. 'ट्रकनं उडवलं' म्हणतात. जसा काही तो ट्रक आभाळातून पडला.

ऑपरेशन झालं, खुब्यात गोळा बसवला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सिस्टर, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, चालवा त्यांना. मला वेगळं काही सांगायला नकोच होतं. वॉर्डात मी अशा म्हाताऱ्या रोज बघते. हाड जुळतं, पण भीती बसते. चालणं थांबतं. मग पाठीला जखमा, मग छातीत कफ, मग नातेवाईक विचारतात, सिस्टर, हाड तर बरं झालं होतं ना हो? आई घरात वॉकर घेऊन चालायची, दारापासून मोरीपर्यंत. आमचं घर केवढं? तेवढ्यात काय चालणार माणूस? उंबऱ्याशी आली की थांबायची, गल्लीकडे बघायची, मागे फिरायची. म्हणायची, "गाड्या बंद झाल्या ना, की जाईन मी. बाईंच्या वट्यापर्यंत जाईन चालत. तवर नको म्हणू मला."

माझ्यासाठी गल्ली बंद करायची म्हणजे एवढंच होतं. आई बाईंच्या ओट्यापर्यंत चालत जाईल की घरात आडवी होईल, एवढंच.

आणि गल्ली पेटलीच! मी म्हटलं, वा, माणुसकी आहे अजून. अध्यक्ष स्वतः घरी आले, आईच्या पाया पडले, फोटो काढून घेऊन गेले. चार दिवसांत नाक्यावर फलक लागला. आई वॉकर धरून उभी आणि वर ठळक अक्षरांत 'आजीला न्याय मिळालाच पाहिजे'. खाली मंडळाचे अध्यक्ष, हात जोडलेले. आईचा फोटो लहान, त्यांचा मोठा. आई म्हणाली, "साडी जुनी नेसलीय मी, सांगायचं तरी." तोच फोटो घेऊन सगळे पालिकेत गेले. साहेबांनी ऐकलं. म्हणाले, रस्ता कायमचा बंद करायला हरकत नाही, गेट बसवून देऊ, पण कुठे बसवायचं ते तुम्ही रहिवाशांनी एकमतानं ठरवा.

कुठे बसवायचं, यात ठरवायचं ते काय? गाड्या नाक्याकडून येतात. नाक्याच्या तोंडाशी गेट बसवलं की अख्खी गल्ली मोकळी. शाळेत जाणारं पोरही सांगेल. अडचण एकच होती. गेट नाक्यावर बसलं तर गोदामही गेटच्या आत येत होतं, आणि मग पार्सलचे टेम्पो शेडीपर्यंत पोचले नसते. ही अडचण गल्लीत एकाच माणसाची होती.

सभा बोलावली. आणि इथे ती गंमत झाली. आजवरच्या सगळ्या सभा विहिरीच्या कट्ट्याशी झालेल्या. ही देवळाच्या सभामंडपात ठेवली. का, तर ऊन फार आहे, तिथे पंखे आहेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय. बोलायला किती गोड! आमची माणसं देवळात जात नाहीत हे गल्लीत मुंगीलाही माहीत आहे. कुणी अडवत नाही आता, ते दिवस गेले. आम्हीच जात नाही. माझ्या आजोबांच्या पिढीनं धर्म बदलताना शपथ घेतली, त्या देवांना हात जोडणार नाही, आणि ती शपथ आमच्या घरात भाकरीसारखी आहे. लग्नाच्या वरातीतही आम्ही देवळाच्या पायरीपाशी थांबतो आणि आळीतले हसून म्हणतात, तुमचं आपलं वेगळंच बुवा.

आमच्याकडून बोलायला माझे काका होते, बाबांचे धाकटे भाऊ. बाबा गेल्यापासून वस्तीचं तेच बघतात. तापट माणूस, आवाज खणखणीत. देवळापाशी पोचलो तसे अध्यक्ष वरून म्हणाले, "या ना, या आत, संकोच कसला?"

काका म्हणाले, "आमी हितंच बरे हाव. बोला तुमी, ऐकू येतं."

मी हळूच म्हटलं, "काका, सभेला जातोय, पूजेला नाही. चपला काढू आणि बसू."

"पायरी चडायची न्हाय," काका म्हणाले. "चडलीस तर तुझी तू."

चढायला माझं काय जात होतं? वॉर्डात मी कुणाच्या गळ्यात ताईत बघत नाही की कपाळावर गंध. पण घरी आई उंबऱ्याशी बसली होती आणि तिनं निघताना एवढंच म्हटलं होतं, काका सांगेल तसं कर. मी वस्तीतल्या सगळ्यांबरोबर सभामंडपाच्या जाळीला लागून उन्हात उभी राहिले. आत पंखे फिरत होते.

अध्यक्षांनी पहिला सवाल टाकला. "रस्ता कायमचा बंद करायचा, मंजूर असेल त्यांनी हात वर करा." सगळे हात वर. आतले, बाहेरचे. अध्यक्ष उठून उभे राहिले, जाळीतून आमच्याकडे बोट करून म्हणाले, "बघा, बाहेरची मंडळीसुद्धा आपल्याबरोबर आहेत. तेही हात धरा. सर्वानुमते मंजूर!" टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. मी जोरात वाजवल्या.

मग दुसरा सवाल. "गेट विहिरीपाशी बसवावं असं मंडळाचं मत आहे. जागा रुंद आहे, खांब पक्के बसतील. माणसांसाठी बाजूला छोटं दार ठेवू. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

मला आधी समजेचना. विहिरीपाशी म्हणजे मध्यावर. म्हणजे आळी आत आणि आम्ही बाहेर. म्हणजे गाड्या शिरणार, गेटपर्यंत येणार, पुढे वाट नाही बघून तिथूनच मागे मागे नाक्यापर्यंत जाणार, आमच्या दारांवरून. काका ओरडले, "नाक्यावर! नाक्यावर बसवा!" आमचे सगळे ओरडले. आतले कितीतरी हात वर होते, आणि कितीतरी खालीही होते, ते मी बघितलं. आळीत सगळेच काही तसे नाहीत, ते मला मान्य आहे. एक वकील उठून म्हणाले, "अहो, विरोध दिसतोय बाहेर. मोजा तरी." तेव्हा अध्यक्षांनी काय म्हणावं?

"सभा आत भरलीय. आतलेच हात मोजायचे, असा नियम आहे."

"आन् मगाशी?" काका म्हणाले. "मगाशी मोजले ते कुणाचे हात होते?"

"मगाशी विरोध नव्हता ना काका. आणि तुम्हाला अडवलं कुणी? आत या म्हणून मीच म्हणालो. आता तुम्हीच बाहेर राहिलात, त्याला आम्ही काय करणार?"

त्या बोलण्याइतका गुळगुळीत धोंडा मी आयुष्यात पाहिला नाही, कुठे पकडायला जागाच नाही.

मी आत बाईंना शोधत होते. खांबाला टेकून बसल्या होत्या, माझ्याकडे पाठमोऱ्या. एका हातानं त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. दुसरा हात वर होता.

त्या रात्री, म्हणजे रात्री कसली, दिवेलागणीलाच, मी काकांशी कडाकडा भांडले. म्हटलं, "चढला असतात तर काय झालं असतं? हात जोडायला कुणी सांगितलं होतं? मान जपलात आणि गल्ली घालवलीत!"

काका म्हणाले, "पोरी, आत गेलो असतो तर तेंनी तिसरंच काय काढलं असतं. मग मान बी गेला असता आन् गल्ली बी गेली असती. आता मान तरी हाय." आणि जाताजाता दारात थांबून म्हणाले, "तुझ्या आजीची घागर जिथं थांबायची, बरोब्बर तिथंच. जागा कशी सापडती गं यांना?"

आई पलंगावर बसून सगळं ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "बाई व्हत्या का सभेला?"

"होत्या."

"मग?"

मी खोटं बोलणार होते. जमलं नाही. म्हटलं, "हात वर होता त्यांचा." आईनं मान हलवली, आणि वॉकर ओढून घेऊन मोरीपर्यंत गेली आणि आली, गेली आणि आली.

दोन दिवसांनी बाजारात बाई भेटल्या. मी तोंड फिरवून जाणार होते, पण त्यांनी हाताला धरलं. "अगं, माझ्यावर रागावू नकोस. देवळाला लागून राहायचं, रोज तोंडं बघायची. एकटी बाई मी. आणि छोटं दार असणारच आहे ना? ती येईलच की."

"बाई," मी म्हटलं, "दारापर्यंत यायला गल्लीतूनच यावं लागतं. त्या गल्लीत आता टेम्पो उलटे फिरणार आहेत."

बाईंनी कोथिंबिरीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. "तू सोबत आण तिला," म्हणाल्या. मी शिकलेली त्यांच्याच हाताखाली, 'उलट बोलू नये' हेही त्यांनीच शिकवलेलं. नाही बोलले. आजही जळते.

गेट आलं. हिरवं, उंच, वर भाले. खांब उभे राहिले त्या दिवसापासूनच आमच्याकडे तमाशा सुरू झाला. नकाशाला कुठे माहीत होतं गेट? तो आपला टेम्पोवाल्यांना सांगतच होता, सरळ जा. ते सरळ यायचे, गेटशी पोचायचे, कपाळावर हात मारायचे. मग ती मागे येतानाची शिट्टी, टीं टीं टीं, दिवसभर. पूर्वी गाड्या एकदा जायच्या, आता येताना एकदा आणि जाताना एकदा, तेही मागे न बघता. एक ड्रायव्हर माझ्यावरच चिडला. "दीदी, बोर्ड तो लगाओ!" मी म्हटलं, "बोर्ड लावलाय की भाऊ, माझ्या आईचा." त्याला काय कळणार बिचाऱ्याला. गेटच्या पलीकडे मात्र आळीतली पोरं क्रिकेट खेळायला लागली होती. बॉल अडवायला ओट्यावरच्या बायका पाय पुढे करायच्या. फार सुंदर दृश्य होतं, गजांतून दिसायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आई नेहमी त्यांच्याकडे जायची, त्या आमच्याकडे कधी आल्याच नव्हत्या. पलंगाच्या कडेवर बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "सगळ्यांचं म्हणणं आहे की फीत तुझ्या हातून कापायची. तुझ्यामुळेच झालं ना हे. तू ये बाई, नाही म्हणू नकोस. नंतर ओट्यावर बसू दोघी, किती दिवस झाले."

मी स्वयंपाकघरातून येऊन म्हटलं, "ती येणार नाही."

"जाईन मी," आई म्हणाली.

बाई गेल्यावर मी आईवर ओरडले. लाज नाही का त्यांना, आणि तुला नाही का? आई शांत होती. म्हणाली, "माझ्या हाडावर उभं केलंय त्यांनी. बघू तरी कसं दिसतं ते. आन् बाई घरी आल्या बोलवायला. पहिल्यांदाच आल्या. न्हाय कसं म्हणू?" मग म्हणाली, "उचलून न्यायचं न्हाय पण. चालत जाणार."

आणि चालत गेली! सकाळी मंडळानं सांगून तेवढ्यापुरत्या गाड्या थांबवल्या होत्या. तिनं नवी साडी नेसली. वॉकर पुढे टाकायचा, पाय उचलायचा, थांबायचं. मी मागे, सावरायला हात पुढे करून, पण हात लावू देईना. जिथे टेम्पोनं धरलं होतं त्या भिंतीपाशी आली तेव्हा क्षणभर थांबली, भिंतीवरून हात फिरवला, आणि पुढे निघाली. दारादारात वस्तीतल्या बायका उभ्या होत्या. कुणी टाळी वाजवली नाही, पण सगळ्या हसत होत्या. मीही हसत होते. राग डोक्यात होता तसाच होता, पण आई चालत होती, माझी आई गल्लीतून चालत होती. विहिरीपर्यंत गेली.

गेट उघडं होतं. अध्यक्ष म्हणाले, "आजीला आत घ्या, आतून फोटो चांगला येतो, मागे देऊळ दिसतं." दोघांनी आईला आत नेलं, खुर्चीत बसवलं. वॉकर आड येतो म्हणून कुणीतरी उचलून लांब कट्ट्याला टेकवला. मी मागोमाग जाणार तोच गेटच्या दोन्ही फळ्या बंद केल्या, कारण फीत बंद गेटवर बांधायची होती. मी बाहेरच राहिले. काका तर आलेच नव्हते. फीत बांधली, आईच्या हातात कात्री दिली, आईनं कापली. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, कुलूप लावून दाखवलं, त्याचाही फोटो काढला. मग अध्यक्षांनी चावी खिशात टाकली आणि सगळ्यांना म्हणाले, "चला, आरती आणि प्रसाद." सगळे देवळाकडे वळले.

आई म्हणाली, "झालं ना? आता उघडा. मला घरी जायचंय."

"आजी, प्रसाद घेऊन जा की. या देवळात."

"देवळात मी येत न्हाय."

"मग बसा दोन मिनिटं. आरती झाली की लगेच उघडतो." आणि गेले. ते छोटं दार कुठे होतं, विचाराल तर पुढच्या टप्प्यात बसणार होतं. आईच्या शेजारी बाई तेवढ्या राहिल्या. त्या आईला म्हणाल्या, "चल, माझ्या ओट्यावर जाऊ, इथं उन्हात कशाला?"

"न्हाय बाई," आई म्हणाली. "हितंच बरी हाय."

मी गजांना धरून ओरडायला लागले. "चावी आणा! उघडा आधी! म्हातारीला कोंडून आरत्या काय करता?" देवळात झांजा सुरू झाल्या. माझा आवाज मलाच ऐकू येईना. एवढ्यात मागे, आमच्या अंगाला, टेम्पो शिरला. कार्यक्रम संपला म्हणून नाक्यावर गाड्या सोडल्या असणार. गेटपर्यंत आला, हॉर्न मारला, ड्रायव्हरनं मान बाहेर काढून शिवी घातली आणि गाडी वळवायला चाक कापायला लागला. मी गेट आणि टेम्पोच्या मध्ये होते.

आई खुर्चीतून अर्धी उठली. वॉकर तिच्या हाताला लागेना. गजांच्या पलीकडून, जिथे आता कधीच गाडी येणार नव्हती तिथून, ती माझ्याकडे हात करून जीव तोडून ओरडली, "भिंतीला लाग! पोरी, भिंतीला लाग!"

मी भिंतीला लागले.